मसूर भरण्याआधी

या आठवड्यात तीन अल्बम आले.
दोन पोस्टाने. तिसरा टिल्डा फ्रोसने
स्वतः आणून दिला, बूट न काढता,
रेडिओ स्टेशनच्या जिन्यावर बर्फाचे ठसे उठवत.
बाहेर उणे चौतीस.
"गाडी चालूच ठेवलीय," म्हणाली,
"बंद केली तर पुन्हा उठेल याचा भरवसा नाही.
पटकन ऐक."

पटकन कसं ऐकणार?
चाळीस मिनिटांची तबकडी,
आणि त्यातली पहिली दीड मिनिटं
नुसता पत्रा तडतडतो.

रेकॉर्डिंग जुलैतलं. हाइनरिशकाकाच्या शेतावर,
रिकाम्या कणगीत.
कणगी पत्र्याची, गोल, वर शंकूचं टोपण,
आत ट्रॅक्टर वळेल एवढी ऐसपैस.
दिवसभर ऊन पिऊन पत्रा तापतो,
रात्री दहानंतर निवताना कुरकुरतो,
म्हातारा झोपेत कूस बदलतो तसा.
आत एक शब्द म्हटला की नऊ सेकंद टिकतो.
टिल्डाने घड्याळ लावून पाहिलंय.
म्हणून तिची गाणी संथ आहेत.
दुःखी नाहीत, लोकांचा उगाच गैरसमज होतो.
आधीचा शब्द निघून जाईपर्यंत
पुढच्याने दारात थांबायचं, एवढंच.

व्हायोलिन लिआँद्र देजार्लेचं.
तो बसून वाजवतो आणि दोन्ही पायांनी ठेका धरतो,
मेटी लोकांचा जुना ठेका,
कुठे एक मात्रा कमी, कुठे एक जास्त.
मोजायला गेलात तर पडाल.
कणगीने त्याचे पाय इतक्या वेळा परत पाठवले
की वाटतं, अंधारात चाळीस माणसं नाचताहेत
आणि एकही दुसऱ्याला धडकत नाही.

चौथ्या गाण्यात मालगाडी येते.
कुणी थांबवलं नाही. टिल्डाने तोच सूर
लांबवत नेला, श्वास चोरत,
एकशे बारा डबे जाईपर्यंत.
वेष्टनावर मागे, अगदी खाली, छापलंय:
डबे मोजले – हाइनरिश फ्रोस.
एकाहत्तर वर्षांत त्याचं नाव
छापून आलेलं हे पहिलंच.

तीनशे प्रती काढल्या.
दोनशे चाळीस तिच्या पलंगाखाली.
प्रकाशनाला कर्लिंग क्लबात आम्ही सव्वीस जण होतो,
पैकी एकाला वाटलं होतं लिलाव आहे;
तरी तो शेवटपर्यंत बसला,
आणि जाताना दोन प्रती घेऊन गेला.
घरी प्लेअर नाही म्हणाला.

कुणीतरी विचारलं, पुढचाही तिथेच का?
उत्तर काकाने दिलं: ऑगस्टात मसूर भरला.
भाव चढेपर्यंत हलत नाही.

लिआँद्र मात्र ऑक्टोबरात शिडी चढून गेला होता.
टोपण उघडून त्याने एक सूर आत सोडला.
काहीच परत आलं नाही.
"गिळला," म्हणाला, "चावलासुद्धा नाही."

तो मसूर कधीतरी निघेल.
त्याच रुळांवरून, मग जहाजातून,
ज्या गावाचं नाव मला उच्चारता येणार नाही
अशा गावी पोचेल.
तिथे कुणीतरी तो ताटात पसरून निवडेल,
खडा असला तर बोटाने बाजूला सारेल.
ऐकू काहीच येणार नाही, येऊही नये.
शिजेल, एवढं पुरे.

टिल्डाची गाडी खिडकीखाली घरघरतेय.
नऊ वाजले. मी माइक उघडला,
तिचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं,
सुई ठेवली.

मिनिटभरात फोन.
पलीकडच्या तालुक्यातल्या कुणी बाई:
"तुमच्याकडे काही बिघडलंय का हो?"

नाही, म्हटलं.
पत्रा निवतोय.
जरा थांबा.